साडूभाऊ आणि अलीकडचा काठ

आमच्या साडूभाऊंइतका दमवणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हे मी त्यांच्यापायी झिजलेल्या चपलांना स्मरून सांगतो. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. पालमजवळ कोरडवाहू शेती, वय पन्नाशीपुढचं. एखादी गोष्ट नुसती पाहिली की ती आपल्याला येते, असं ते धरून चालत. माझा रेडिओ त्यांनी असाच पाहता पाहता दुरुस्त केला. तेव्हापासून तो चापट मारल्याशिवाय बातम्या सांगत नाही.

पूर्णेला दाढीला बसले असताना सलूनमधल्या कॅलेंडरवर त्यांना एक गोरा दिसला. समुद्रात फळीवर उभा, हातात दोर, वर घराएवढा पतंग, आणि पाय कशालाच बांधलेले नाहीत. "ह्यात काय हाय मास्तर," मला म्हणाले, "ढेकळं फोडायच्या फळीवर आमी जन्मभर उभं ऱ्हायलोत. तिथं कुणी पाय बांधतंय का? फरक एवढाच, ह्याची बैलं वर उडायलेत." मग गावातल्या मोडक्या छत्र्यांचं कापड जोडून पतंग तयार झाला. त्यात माझीही छत्री गेली; ती मोडकी नव्हती. फळी म्हणून शेळ्यांच्या खोपटाचं दार निघालं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद असो, एस.टी. थांबलेली असो, दर रविवारी आम्ही गावामागच्या तळ्यावर. मीही एकदा फळीवर उभा राहिलो. उभा हा शब्द जरा जास्तच झाला. साडूभाऊ मात्र सुरेख उभे राहत आणि वारा त्यांना सरळ पलीकडच्या काठावर नेऊन टाकी. परत यायचं तर चालत्या फळीवरच पायांची अदलाबदल करून पतंग दुसऱ्या अंगाला वळवावा लागतो. तिथं ते पडत. पडल्यावरही दोर सोडत नसत, कारण कासरा मनगटाला गुंडाळायची सवय. पतंग त्यांना नाकानं पाणी नांगरायला लावी आणि ते बुडता बुडता त्याला "होऽ होऽ" करून थांबवत.

"अहो, सोडा की दोर."

"बैल सोडून घरी येतंय का कुणी?"

मग कोरडं धोतर आणि चहाचा थर्मास घेऊन, बाभळीचे काटे उपसत, तळ्याला वळसा घालून मी पलीकडे जायचं. शेवटी अक्काच वैतागल्या. "एकदा निघाल्या काठाला परत या आन् ते दार शेळ्यांला लावा," म्हणाल्या. "मास्तरांनी पाह्यलं म्हणले तरच खरं मानीन." साडूभाऊंनी शब्द दिला. त्या दिवसापासून त्यांच्याइतकाच मीही देवाला वारा मागू लागलो.

आणि एका रविवारी ते झालं. सवयीप्रमाणे मी धोतर घेऊन निम्मी वाट चाललो होतो. सहज वळून पाहिलं तर पुढचा पाय मागं गेला, मागचा पुढं आला, काळा पतंग आभाळात कूस बदलल्यासारखा वळला, आणि साडूभाऊ ताठ उभे, अलीकडच्या काठाला निघालेले. निम्मी वाट तशीच परत फिरलो.

ते काठावर कुडकुडत बसले होते. कासरा अजून मनगटावरच होता. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाह्यलं का मास्तर?"

पोटऱ्या म्हणत होत्या, हो म्हण. हो म्हटलं की माझे सगळे रविवार सुटत होते.

"बाभळी आडव्या आल्या," मी म्हणालो.

"असं करायलाव तुमी," ते पुटपुटले आणि भराभर दोर सोडायला लागले. "आता पुढच्या आइतवारी बघू."

आता तळ्यात गाळ भरलाय, त्यांचे गुडघेही गेलेत. ओसरीवर बसलो, अक्का आत वळल्या, की हळूच विचारतात, "खरं सांगा, त्या दिवशी पाह्यलं व्हतं ना?"

मी म्हणतो, बाभळी आडव्या आल्या. मग ते बराच वेळ मनगट चोळत, शेळ्यांच्या त्या बिनदाराच्या खोपटाकडे पाहत बसतात.