आणखी अर्धा आटा

आमच्या गाडीचा बोल्ट तुटला तेव्हा गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोकांना वाटतं बोल्ट गंजून तुटतात. आमचा माझ्यामुळे तुटला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्काला माहेरी आणायचं होतं. आमच्या खानदेशात या सणाला बहिणीला आणायला भाऊ स्वतः जातो; त्याला मुराळी म्हणतात. गेल्या वर्षी मुराळी (म्हणजे मी) फोनवर म्हणाला होता, "अक्का, एसटीनेच ये ना." ते वाक्य अक्काने तिच्या सासरी रनाळ्यात आणि आमच्या नंदुरबारच्या गल्लीत वर्षभर पुरवून पुरवून वापरलं. म्हणून यंदा मी शब्द दिला होता: सकाळीच माझी स्वतःची गाडी तुझ्या दारात!

निघण्याआधी बॉनेट उघडलं. (बॉनेट उघडून कमरेवर हात ठेवले की आपल्याला इंजिनातलं कळतं असं कुठल्याही पुरुषाला वाटू लागतं.) पाण्याच्या पंपाचा एक बोल्ट मला किंचित सैल दिसला.

"गाडी चांगली चाली ऱ्हायनी ना?" बायको म्हणाली. "मंग हात कसाले लावतस?"

मी पाना लावला. बोल्ट हलेना, कारण तो घट्टच होता. हा खुलासा मला नंतर सुचला. तेव्हा मी पान्यावर हापशाच्या पाइपाचा तुकडा चढवला आणि आणखी अर्धा आटा दिला. कट्. बोल्टचं डोकं पान्यासकट माझ्या हातात आलं, धड इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहिलं, आणि पंपाच्या फटीतलं पाणी माझ्या नव्या पांढऱ्या शर्टावर.

तेवढ्यात अक्काचा फोन. "निंघना का रे भाऊ?"

मी म्हणालो, गाडी रस्त्यावरच आहे. (होतीच. घरासमोरच्या.)

आत राहिलेलं धड ब्लॉकच्या पातळीत तुटलेलं, पक्कडीला धरायला नखाएवढंही बाहेर नाही. वेल्डिंगवाल्या युसूफचाचांना फोन केला. ते म्हणाले, हात लावू नको, गाडी दुकानापर्यंत आण. पाण्याशिवाय इंजिन चालवायचं कसं, हे विचारायला मला लाज वाटली. मी ड्रिलने बोल्टात भोक पाडलं, त्यात तुटका बोल्ट काढायची उलट्या आट्यांची खुंटी बसवली आणि फिरवली. तीही आत तुटली.

अक्काचा पुन्हा फोन. या वेळी मी वळणावर होतो. तिसऱ्या फोनला फाटक लागलं होतं. चौथा आलाच नाही, कारण मधल्या वेळात बायकोने अक्काला सगळं सांगून टाकलं होतं.

दुपारी गल्लीत ट्रॅक्टर शिरला. चालवत भाऊजी, आणि मडगार्डवर नवी पैठणी सावरत, पिशवी मांडीवर घेऊन, अक्का. खानदेशात मुराळ्यालाच न्यायला कोणी आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गाडी ओढायला दोर हवा होता. घरात एकच होता: अखाजीला माहेरवाशिणी झोका घेतात, त्या अक्काच्या झोक्यासाठी आणलेला, कोरा. तोच बांधला.

"बठा गाडीम्हा," भाऊजी म्हणाले. "स्टेअरिंग धरा. दुसरं काहीच धरू नका."

अशा थाटात आमची वरात बाजारातून निघाली. ज्यांना कधी माझी ओळख लागत नाही, त्या सगळ्यांनी त्या दिवशी मला नावाने हाक मारली.

युसूफचाचांनी आत वाकून पाहिलं. "एक तुटेल व्हता, आते दोन शेतस," ते म्हणाले, आणि तुटक्या तोंडावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारलं. ते जरा निवू दिलं आणि पाना फिरवला. दोनदा सगळं तुटून हातात आलं, चाचांनी माझ्या खानदानाची विचारपूस केली, आणि तिसऱ्यांदा बोल्ट कुरकुरत बाहेर निघाला. नवा बोल्ट बसवताना त्यांनी मला दुकानाबाहेर उभं केलं.

संध्याकाळी तोच दोर, ग्रीसच्या डागांसकट, निंबाला बांधला. अखाजीच्या गाण्यांत भाऊ घोड्यावर बसून बहिणीला न्यायला येतो. अक्काने झोका घेतला आणि नवीन कडवं रचलं:

"भाऊ मन्हा ऊना वं, ट्रॅक्टरना मांगे ऊना,
दोरले बांधी ऊना!"

गल्लीतल्या पोरींनी ते एका दमात पाठ केलं. बायकोने ताल धरला. मला राग आला नाही, कारण माझं लक्ष वर होतं. फांदीवरची गाठ किंचित सैल वाटत होती.

"थांब अक्का," मी उठत म्हणालो, "जरा आवळून देतो."

पन्नाशी ओलांडलेली माझी बहीण चालत्या झोक्यावरून उडी मारून उतरली.