चार पदरी घडी

दुकानदाराने हसून पिशवी हातात दिली, तरी आमचे हे ती घरी आणून आधी वजनकाट्यावर ठेवतात. वजन कमी भरलं तर एकवेळ बरं, निदान भांडता येतं. बरोबर भरलं की मात्र पंचाईत होते. इतकं काटेकोर बरोबर का असावं, हा पुढचा प्रश्न तयारच असतो.

दोष सगळा त्यांचा नाही. ह्यांनी जन्मभर अपघात झालेल्या गाड्यांचे विमादावे तपासले. मालक सांगणार गाडी खांबाला धडकली, आणि ह्यांनी वाकून बघायचं की खांबाचा रंग पत्र्याला लागलाय का. अशी नोकरी करणारा माणूस संध्याकाळी चपलांबरोबर संशयही दाराबाहेर काढून ठेवील, अशी आशा मी लग्नानंतर काही वर्षं केली. मग सोडून दिली.

त्यांचा जीव एकाच गोष्टीवर, कॉफीवर. एस्प्रेसोचं एक वापरलेलं छोटं मशिन त्यांनी घेतलं, तेही आधी सगळे स्क्रू उघडून बघून. त्याला दोन तोंडं, एका वेळी दोन कप भरणारी. डावा कप मुलीचा, उजवा ह्यांचा. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. मी चहावाली, त्यामुळे मला कोणी विचारत नसे.

झालं काय, की डावा कप नेहमी जास्त भरायचा. ह्यांनी दोनचार दिवस गप्प राहून पाळत ठेवली आणि मग मुलीला म्हणाले, "तू मशिनवर हात टेकवतेस."

"बाबा, मी कशाला हात टेकवू?"

"कप तुझा भरतो. फायदा कुणाचा, ते आधी बघायचं असतं."

मुलगी त्यांचीच. तिने कुठूनशी एक गोटी आणली आणि ओट्यावर ठेवली. गोटी घरंगळत डावीकडे गेली आणि सिंकमध्ये टण्णकन पडली. गवंड्याने ओट्याला उतार जरा सढळ हातानेच दिला होता. मग बापलेकींनी जुन्या फडक्याची घडी करून मशिनच्या डाव्या पायांखाली सारली. तीन पदरी घडीने भागेना, पाच पदरीने मशिन उलट उजवीकडे झुके. चार पदरी घातली तेव्हा दोन्ही कप सारखे भरले. दोघं इतकी खूश झाली की मला बोलावून कप दाखवले. त्या सकाळी घरात कुणी कुणावर संशय घेतला नाही, म्हणून ती माझ्या लक्षात आहे.

पुढे मुलीने लग्न ठरवलं, आपलं आपण. मुलगा साधा होता, छापखान्यात यंत्रं सांभाळणारा. ह्यांनी त्याची चौकशी केली. केली म्हणजे कशी, तर छापखान्यात गेले, घरमालकाला भेटले, त्याच्या न्हाव्यालाही सोडलं नाही. सगळीकडून एकच उत्तर आलं, मुलगा चांगला आहे. जेवायला बसल्यावर मुलीने विचारलं, "मग? काय सापडलं?"

"काही नाही सापडलं," हे म्हणाले. "एवढं शोधून काही सापडत नाही म्हणजे त्याने नक्कीच काहीतरी लपवलंय."

मुलीने ताट तसंच ठेवलं आणि हात धुतले. लग्न झालं त्याला हे गेले नाहीत. ती दुसऱ्या शहरात राहायला गेली. तिचा फोन मला येतो, दर रविवारी. ह्यांचं नाव ती काढत नाही आणि हे फोनला हात लावत नाहीत. एवढंच की फोन वाजला की स्वयंपाकघरातला कॉफीचा ग्राइंडर बंद होतो. दळायचं काम अर्धवट टाकून हे दाराआड उभे राहतात, आणि मी फोन ठेवला की विचारतात, "रेंज नीट होती का?" मला इतका राग येतो! सांगावंसं वाटतं, अहो, पोर तुमची आहे, दावा नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार?

निवृत्त झाल्यावर ह्यांना मोबाइलवर एक गट सापडला. घरी एस्प्रेसो करणाऱ्या हौशी लोकांचा. ही मंडळी आपापल्या स्वयंपाकघरातल्या कॉफीच्या कोपऱ्याचे फोटो टाकतात आणि एकमेकांचं कौतुक करतात. खरी नावं कुणी लावत नाही. आता कौतुकाच्या त्या गटात आमचे हे शिरले, म्हणजे काय झालं असेल! एका डॉक्टरचं मशिन फार चकचकीत आहे, म्हणजे हा वापरतच नाही. एका बाईच्या बशीत बिस्किट आहे आणि ओट्यावर चुरा नाही, म्हणजे फोटोपुरतं मांडलंय. एकाचा फोटो तर ह्यांनी मोठा करकरून बघितला आणि मशिनच्या पत्र्यात दुकानाची पाटी उलटी उमटलेली शोधून काढली. तो कोपरा त्याच्या घरातला नव्हताच, दुकानात मांडलेला होता! गटात हलकल्लोळ झाला. तेव्हापासून तिथे ह्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणतात, आणि हे त्यावर खूश आहेत.

परवा मी भाजी निवडत होते. हे मोबाइल घेऊन आले, डोळे लकाकत होते.

"हे बघ. 'दुसरा घोट' म्हणून कुणीतरी नवीन आहे. नव्या घरातला कोपरा म्हणून टाकलाय. इथे पाणी मुरतंय."

"तुम्हाला वाळवंटातही पाणी मुरताना दिसेल," मी म्हणाले.

"अगं, ऐक तरी. शेजारी पाण्याचा ग्लास आहे बघ. पाण्याची रेघ आणि ओट्याची कड अगदी समांतर. म्हणजे ओटा सपाट. मग मशिनच्या डाव्या पायांखाली फडकं कशाला? त्यामुळे उजवा कप जास्त भरलाय. मशिन चालवणारा माणूस असं करणारच नाही. फोटो ढापलेला आहे. लिहिलं मी तसं."

"लिहिलं?"

"पाठवलंसुद्धा."

मी चष्मा लावला. फडकं निळ्या चौकड्यांचं होतं, कडा आत दुमडून नीट घडी घातलेली. तशी घडी घालायला तिला मीच शिकवलं होतं. माझ्या हातातली भाजी खाली पडली. नव्या घरात तिचं बस्तान बसलं होतं हे मला माहीत होतं, पण ते घर मी अजून पाहिलं नव्हतं.

"पुसा ते," मी म्हणाले. "आधी पुसा!"

"का? मी काय खोटं लिहिलंय?"

मी सांगणार एवढ्यात मोबाइल वाजला. उत्तर आलं होतं. ह्यांनी सवयीने मोठ्याने वाचायला घेतलं. "इन्स्पेक्टर, तुमचं बरोबर आहे. ओटा सपाट आहे. आमच्या घरी ओट्याला उतार होता, तिथे बाबांबरोबर घडी घालायची सवय लागली. उजव्या कपात जास्त पडते ते माहीत आहे. पडू दे."

शेवटचे दोन शब्द त्यांनी वाचलेच नाहीत, ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचले.

हे खुर्चीवर बसले. मग उठून ओट्यापाशी गेले, आपल्या मशिनच्या पायाखालचं फडकं बघून आले आणि पुन्हा बसले. मला वाटलं, आता रडतील. मला तर केव्हाच भरून आलं होतं. पण माणूस आमचाच.

"ही तीच कशावरून?" ते म्हणाले.

"अहो, आता तरी!"

"नाही, उतार कुणाच्याही ओट्याला असतो. बाबा सगळ्यांनाच असतात." आवाज चिरकला, तसे ते खाकरले. "खात्री करायला हवी. फोन लाव."

त्यांनी माझा फोन उचलून माझ्या हातात कोंबला. "लाव म्हणतो ना. असं अर्धवट सोडता येत नाही."

रविवार नव्हता. मुलीने घाबरून उचलला. "आई? काय झालं गं? बाबा बरे आहेत ना?"

मी काही बोलायच्या आत ह्यांनी फोन काढून घेतला आणि कडक आवाजात, अपघाताच्या जागी उभं राहून विचारावं तसं विचारलं, "घडी किती पदरी?"

मी फोनच्या अगदी जवळ कान नेला.

"चार पदरी, बाबा. तीन पुरत नाहीत."

ह्यांनी फोनवर हात ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मला हळूच सांगत होते, "तीच आहे गं."