प्रार्थनेत पाहिलेलं

आमच्या शाळेत रोज सकाळी सात मिनिटं सहाशे माणसं डोळे मिटून उभी राहायची, आणि एकट्या घंटामावशी डोळे उघडे ठेवून. तसा नियमच होता. सभागृहाच्या दाराशी दोरीला पितळी घंटा टांगलेली, समोरच्या भिंतीवर उंच घड्याळ, आणि सात मिनिटं झाली की लाकडी हातोडीचा एक टोल. घड्याळ बघायचं तर डोळे उघडे हवेत. त्यामुळे बावीस वर्षं या बाई प्रार्थनेला हजर होत्या आणि बावीस वर्षांत त्यांनी एकदाही प्रार्थना केली नव्हती. हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आम्हाला त्यांचं कौतुक वेगळंच होतं: मावशींना सगळं दिसतं!

आणि दिसायचंच. पण बाहेर कधी काही यायचं नाही. पोटात ठेवणं म्हणजे काय ते या बाईंकडून शिकावं. एखादी पोर उभ्या उभ्या डुलायला लागली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या रांगेच्या टोकाला एक खुर्ची ठेवलेली दिसे, जशी काही चुकून राहिलेली. कुणी सारखं डोकं खाजवत असेल, तर शाळा सुटताना तिच्या आईच्या हातात उवांच्या औषधाचं नाव लिहिलेला कागद गुपचूप जाई. माझ्या बुटाचा तळ सुटला होता तेव्हा त्यांनी मला घंटेमागच्या कोपऱ्यात बसवून दाभणाने तो शिवून दिला. "पाय कुणी बघत नाही असं वाटतं ना? डोळे मिटले की सगळ्यांच्या माना खालीच असतात," असं म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. बारीक अंगकाठी, कानामागे कायम खोचलेली पेन्सिल, बोलणं बेताचं. शाळेच्या आवारातच एक खोली त्यांना राहायला होती. नवरा लवकर गेलेला, घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंचं तोंड दिवसभर चालू असे. बहुधा म्हणूनच मावशींना बोलायची वेळ येत नसावी.

आता माझ्याबद्दल. मी शाळेतली सद्वर्तनाची बिल्लेवाली. सरळ भांग, सुंदर अक्षर, शिक्षक वर्गात आले की सगळ्यांत आधी उभी. आमच्या शाळेत चांगुलपणाला गुण होते, खरंच होते. रोज एक सत्कृत्य करायचं, वहीत लिहायचं, वर्गशिक्षकांची सही घ्यायची. महिन्याला ज्याचे गुण जास्त त्याला बिल्ला. माझ्या वहीप्रमाणे मी त्या वर्षी चौऱ्याऐंशी म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून दिला. आमच्या गल्लीत मोजून चार म्हातारे, आणि त्यातले दोन घराबाहेर पडत नव्हते.

दहावीच्या वर्षी संमेलनात प्रत्येक वर्गाने काहीतरी सादर करायचं असे. मी, चष्मेवाली आणि लंबू अशा तिघांनी सिनेमा काढायचा ठरवला. माझा मामा लग्नांची शूटिंग करायचा, त्याचा जुना कॅमेरा मिळाला. गोष्ट अशी: एका शाळेत नवी मुलगी येते, आणि तिथे चांगुलपणाची इतकी चढाओढ असते की एका म्हातारीला पलीकडे न्यायला दोन गट भांडतात आणि बिचारी दिवसभर रस्त्याच्या मधोमधच उभी राहते. म्हातारी लंबू झाला होता, तोंडावर पदर ओढून. हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. पण शेवट जमत नव्हता. चष्मेवाली म्हणाली, "खरी प्रार्थना घेऊ या. वरून."

सभागृहाला वर एक सज्जा होता, आणि त्याचा जिना नेमका घंटेजवळून जायचा. मी पिशवीत कॅमेरा घालून प्रार्थनेच्या आधी दहा मिनिटं तिथे पोचले. मावशी हातोडीला फडकं गुंडाळत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जपून. तिसरी पायरी हलते." बस, एवढंच.

वरून जे दिसलं ते आम्हाला सात जन्मांत लिहिता आलं नसतं. एकाग्रतेवर तासतासभर बोलणारे सर डायरीत घडी घालून ठेवलेलं वर्तमानपत्र वाचत होते. उपमुख्याध्यापिका पर्समधल्या आरशात बघून पांढरे केस उपटत होत्या. कवायतीचे सर चघळत होते, काय ते देव जाणे. पहिल्या रांगेतले बिल्लेवाले एकमेकांना चिमटे काढत होते. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कुणाकुणाचे डोळे उघडे आहेत हे बघण्यासाठी स्वतः टक्क डोळे उघडून उभ्या होत्या. आणि शेवटी मी कॅमेरा दाराकडे फिरवला तर घंटामावशींचे डोळे मिटलेले! हात जोडलेले, हातोडी बगलेत, ओठ हलतायत. तरी सात मिनिटं झाली तेव्हा टोल बरोबर पडला, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

आम्हाला शेवट सापडला. मावशींचं ते चित्र पडद्यावर थांबवलं आणि खाली मी लिहिलेली ओळ टाकली: "आणि डोळे उघडे ठेवायची परवानगी जिला एकटीला आहे, ती."

संमेलनात सगळ्यांत मोठा हशा त्या ओळीला पडला. सभागृह डोक्यावर घेतलं पोरांनी. मी अंधारात बसून तो हशा अंगावर घेत होते आणि मला वाटत होतं, वा, काय ढोंग उघडं पाडलंय आपण! मग दिवे लागले. पहिल्या रांगेत शाळेच्या समितीची माणसं बसली होती आणि त्यांतलं कुणीही हसत नव्हतं.

सिनेमा अख्ख्या वर्गाच्या नावावर होता आणि श्रेयनामावलीत आम्ही टोपणनावं टाकली होती, त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी वर कोण चढलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. ज्याने ते केलं त्याला वर्तणुकीचा दाखला मिळणार नाही, असं दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लागलं. त्या दाखल्याशिवाय पुढे कुठेही प्रवेश नव्हता. आई एकटी शिवणकाम करून मला शिकवत होती. मी पुढे शिकणार यावर तिचं सगळं जगणं उभं होतं.

आता गंमत बघा. आरसा, वर्तमानपत्र, चघळणं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हसू सगळ्यांवर आलं होतं, गदा मात्र एकटीवर आली. कामात कसूर केली म्हणून मावशींची चौकशी लागली. आणि चौकशीचं टिपण करायला चांगल्या अक्षराची, विश्वासू मुलगी हवी म्हणून मोठ्या बाईंनी कुणाला बोलावलं असेल? मला. बिल्ल्यासकट.

मी मोठ्या बाईंच्या टेबलाच्या कडेला बसले. मावशी समोर उभ्या. खुर्ची रिकामी होती, पण त्यांना बसा असं कुणी म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही.

"मावशी," मोठ्या बाई म्हणाल्या, "जिना तुमच्या शेजारी आहे. तुम्हाला दिसल्याशिवाय वर कुणी जाऊच शकत नाही. नाव सांगा, आपण बाकीचं विसरून जाऊ."

मी लिहिलं: प्रश्न पहिला.

"बाई, प्रार्थनेच्या वेळी पाहिलेलं मी सांगत नसते," मावशी म्हणाल्या. "बावीस वर्षं नाही सांगितलं. तुमचंही नाही."

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. मी तेही लिहिणार होते, पण त्यांनी हाताने थांबवलं.

"मग डोळे का मिटले होते ते तरी सांगा."

"सासूबाईंच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. त्या दिवशी दुपारी रिपोर्ट यायचा होता. रोज मी बाकीच्यांची प्रार्थना संपायची वाट बघते. त्या दिवशी म्हटलं, आपणही करून बघावी."

"आणि घंटा?"

"सात मिनिटं आता अंगातच मुरलीत, बाई. वाजली ना वेळेवर?"

त्यांनी त्या सगळ्या वेळात माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. रागाने पाहिलं असतं, विनवणीने पाहिलं असतं, तरी मला काहीतरी धरायला मिळालं असतं. मी लिहीत राहिले. समितीने निर्णय आधीच देऊन ठेवला होता: नाव सांगायला तीन दिवस, नाहीतर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर खोलीही. मोठ्या बाईंनी सांगितलं ते मी शब्दन् शब्द उतरवलं आणि खाली तारीख घातली. इतकं वळणदार अक्षर मी त्याआधी कधी काढलं नव्हतं.

ढोंगावर सिनेमा काढणारी मी दोन दिवस गप्प बसले. चष्मेवाली म्हणाली, आपोआप निवळेल. लंबू म्हणाला, आपण तिघं आहोत, एकटीने का सांगायचं. मी दोघांचंही ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. त्या दिवसांतसुद्धा मी सत्कृत्याची वही भरत होते, यावर आज माझाच विश्वास बसत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मावशींच्या खोलीकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. दार उघडंच होतं. भांडी गोणीत भरलेली, स्टोव्ह वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि सासूबाई ट्रंकेवर ठाण मांडून बसलेल्या. "मी इथून उठणार नाही! आणायचं त्याला आणा!" असा त्यांचा पट्टा चालू होता. रिपोर्ट चांगला आला होता हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. मावशींनी मला दारात पाहिलं.

"आलीस? बरं झालं. जरा पलंगाचं ते टोक धर ग."

मी धरलं. आम्ही दोघींनी पलंग भिंतीपासून सरकवला. मागून एक बांगडी, दोन बटणं आणि ढीगभर धूळ निघाली. मावशी झाडू घेऊन केर काढायला लागल्या, जी खोली सोडायची ती स्वच्छ करून सोडायची म्हणून. आणि मला रडू फुटलं. मी त्यांच्यावर ओळ लिहिली होती. अख्खी शाळा त्यांना हसली होती, त्यांना बेघर करायचा कागद माझ्या हाताने लिहिला होता, आणि त्या मला फक्त पलंगाचं टोक धरायला सांगत होत्या.

"मावशी, मी सांगते. आत्ता जाऊन सांगते."

त्यांनी झाडू टेकवून ठेवला. "माझ्यासाठी सांगू नकोस. तुझा दाखला गेला तर मला जन्मभर जड जाईल. तुला स्वतःला सांगावंसं वाटत असेल तर सांग."

"वाटतंय."

"मग नाक पूस आधी. अशी गेलीस तर त्यांना वाटेल मीच पढवून पाठवली."

सासूबाई ट्रंकेवरून म्हणाल्या, "आणि लवकर जा! माझी पाठ दुखतेय!"

मोठ्या बाईंना सांगायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. बिल्ला काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चौकशीचा कागद पुढे ओढला.

"हे सगळं तू लिहिलंस. इथे बसून."

"हो, बाई."

"हात थरथरला नाही तुझा?"

"नाही, बाई. त्याचीच लाज वाटते."

त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "मीही त्या सिनेमात आहे," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं डोळे उघडे ठेवून उभी आहे मी. माझी चौकशी कुणी लावली नाही." मग समितीशी त्या काय बोलल्या मला माहीत नाही, पण नोकरी राहिली आणि खोलीही राहिली. माझ्या दाखल्यावर "उत्तम"च्या जागी "समाधानकारक" आलं. प्रवेश मिळायला तेवढं पुरलं. आज मी सिनेमांचं संकलन करून पोट भरते, आणि कुणाचा चेहरा पडद्यावर थांबवायच्या आधी तो माणूस त्या क्षणी काय करत होता हे विचारून घेते. ही अक्कल मला मावशींनी दिली. आईने मला शिकवलं आणि मावशींनी मला माणसात ठेवलं. दोघींचे उपकार फिटायचे नाहीत, आणि ते फेडावेत असं मला वाटतही नाही.

एका बाबतीत मात्र समिती ऐकेना. घंटा मावशींकडून काढून घेतली आणि विजेची बसवायचं ठरलं. ती बसेपर्यंत महिनाभर टोल द्यायची शिक्षा मला मिळाली.

पहिल्या दिवशी मी हातोडी घेऊन दाराशी उभी राहिले. मावशी शेवटच्या रांगेच्या टोकाला, शिपाई मंडळींबरोबर. सहाशे माणसांनी डोळे मिटले. मावशींनी आधी सवयीने घड्याळाकडे पाहिलं, मग काहीतरी आठवल्यासारखं करून डोळे मिटले आणि हात जोडले. कानामागची पेन्सिल तशीच होती. मी घड्याळ बघत होते. पाच मिनिटं झाली, सहा झाली, सात झाली. मी हातोडी उचलली आणि मावशींकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. बावीस वर्षांचं साचलेलं असणार. सात मिनिटांत कसं आटोपणार?

मोठ्या बाईंनी डोळे उघडले. घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. आणि परत डोळे मिटून घेतले.

मी हातोडी खाली केली. रांगांमधून चुळबुळ सुरू झाली, कुणीतरी खोकलं. मावशींनी आपणहून डोळे उघडले तेव्हा घड्याळात अकरा मिनिटं झाली होती, आणि मग मी टोल दिला.