तिरक्या वाटेचं लिमिट

"सर, माझं अडलंय."

पेनाला टोपण लावून, पदर सारखा करून बाई उभ्या राहायच्या आणि आधी एवढंच म्हणायच्या. नेमकं काय अडलंय ते नंतर. वर्गातल्या विशीच्या मुलामुलींना आपल्याला काही अडलंय हे कबूल करायची लाज वाटायची. यांना ती नव्हती. वय त्रेचाळीस. मुलं त्यांना काकू म्हणायची, मी ताई म्हणायचो.

दौंडमधल्या एका कॉलेजात मी तेव्हा तासांवर गणित शिकवायचो. ताई खुटबावच्या. माहेर शिरूरचं. तिथं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं आणि लग्न झालं, म्हणून शिक्षण सुटलं. सासरचे पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता ऊस होता. मुलगा शिक्रापूरला कंपनीत लागल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्या वर्षापासून नाव घातलं. प्रवेशाच्या दिवशी त्यांचे मालकच त्यांना मोटारसायकलवर घेऊन आले होते. चौथी शिकलेला माणूस. व्हरांड्यात मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं होतं, हिला झेपेल ना. एवढं शिकून या वयात नोकरी कुठली मिळणार, असं ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं, तर ताई म्हणाल्या, "नोकरीसाठी न्हाई. अर्ध्यात ऱ्हायलंय, ते पुरं करायचंय."

अनंत सिरीज शिकवायला घेतल्या, तेव्हा मी फळ्यावर एक अधिक अर्धा अधिक एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश असं लिहिलं. पदं लहान लहान होत जातात, तरी ही बेरीज कुठल्याही आकड्याच्या पुढं जाते, असं सांगितलं. मुलांनी लिहून घेतलं. ताईंना पटलं नाही. आठवड्यानं त्यांनी मला काही पानं दाखवली. शंभराव्या पदापर्यंतची बेरीज हातानं केलेली होती. कॅल्क्युलेटर का नाही घेतला, असं मी हसत विचारलं. त्या म्हणाल्या, "हातानं केल्याबिगर मला खरं वाटत न्हाई." शंभर पदं झाली तरी बेरीज जेमतेम पाचाच्या पुढं सरकली होती. ती वाढत वाढत शंभर ओलांडते हे मी मग पदांचे गट पाडून दाखवलं, तेव्हा त्या कितीतरी वेळ फळ्याकडं बघत राहिल्या.

आता जे सांगतो, ते सांगायला मला बरं वाटत नाही.

दोन चलांच्या फंक्शनचं लिमिट चाललं होतं. वर एक्स गुणिले वाय, खाली एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग. मी एक्सच्या अक्षावरून शून्याकडं आलो, उत्तर शून्य. वायच्या अक्षावरून आलो, तरी शून्य. म्हणून लिमिट शून्य, असं लिहून मोकळा झालो. ताई उभ्या राहिल्या. आपण दोनच वाटांनी आलो, म्हणाल्या. "मधनं तिरकं आलं तर? एक्स आन् वाय सारखेच धरले, तर मला अर्धा येतोय."

तास संपत आला होता. मी वैतागून म्हणालो, "ताई, फळ्यावर आहे तेवढं उतरवून घ्या." मागं कुणीतरी हसलं. "व्हय सर," म्हणून त्या बसल्या.

स्टाफरूममध्ये कागदावर मांडून बघितलं. अर्धाच येत होता. म्हणजे लिमिट नव्हतंच. त्यांचं बरोबर होतं, माझं चूक. दुसऱ्या दिवशी मी वर्गात काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शिक्षकाची जात कशी असते, तुम्हाला माहीत आहे. चौथ्या दिवशी ते गणित पुन्हा फळ्यावर लिहिलं आणि माझं चुकलं होतं, असं सांगितलं.

तास सुटल्यावर ताई दाराशी थांबल्या होत्या. "सर, रोज तेच मांडत होते. वाटलं, माझं डोकंच आता चालंना. आज येणारच नव्हते." मग म्हणाल्या, "पण सांगितलंत, बरं केलंत."

दुसऱ्या वर्षाच्या मध्यात मालकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. ताई तीन आठवडे आल्या नाहीत आणि आता संपलं असं मी धरून चाललो. पण त्या आल्या. मग एक दिवस घरी, एक दिवस कॉलेज, असं सुरू झालं. खाटेशी बसून गणितं करते, म्हणायच्या. त्या वर्षी त्यांच्याइतक्या गैरहजेरीत पास झालेलं दुसरं कुणी नव्हतं. मार्क बेताचे होते. निकाल बघून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ते चुकलेल्या गणिताबद्दल.

तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा राहिला. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ताई गेल्या.

दहावा झाल्यावर मी खुटबावला गेलो. मालक ओट्यावर खाटेवर टेकून बसले होते. बोलताना शब्द त्यांना एकेक करून ओढून आणावे लागत होते. उशाशी ठेवलेली ताईंची वही त्यांनी डाव्या हातानं माझ्याकडं सरकवली.

"ही... काय शिकत हुती? मला कळंल... आसं सांगा."

कसं सांगणार, असं मनात आलं. तरी वही उघडली. एक, त्यात अर्धा, त्यात पाव, त्यात पावाचा अर्धा. असं कितीही मिळवत गेलं, तरी दोनाच्या पुढं जात नाही, दोनाच्या जवळ जवळ मात्र जात राहतं. मी ताईंच्या अक्षरावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होतो. मालकांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं, अक्षराकडं होतं. मुलानं आणून ठेवलेला चहा निवून गेला. तीन-चार पानं झाली. त्यांना शीण झाला असेल असं वाटून मी वही मिटायला लागलो.

त्यांनी पानावर हात ठेवला.

"पुढं," ते म्हणाले.