खालच्या काकांनी सोडलेली टीम

अमेरिकेत इतकी वर्षं राहून एकाही गोष्टीवर समाधानी नसलेला, आणि तरीही इतका सुखी असलेला माणूस मी आमच्या खालच्या काकांशिवाय दुसरा पाहिलेला नाही. खालचे काका म्हणजे नात्याने माझे कोणीच नव्हेत. न्यू जर्सीत एडिसनला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो आणि ते खाली राहायचे, एवढाच आमचा संबंध. मूळचे कराडचे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी इंजिनिअर म्हणून आले, नोकरी करून निवृत्त झाले आणि मग पूर्णवेळ नापसंतीला लागले. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतली कोथिंबीर, इथली थंडी, इथला चहा, शेजाऱ्याची गवत कापायची पद्धत, सगळ्यांवर त्यांचं मत होतं आणि ते चांगलं नव्हतं. पण हे सगळं हात चालू ठेवण्यापुरतं. त्यांची खरी, मनापासूनची, आयुष्य वाहिलेली नापसंती राखून ठेवलेली होती ती त्यांच्या लाडक्या बेसबॉल टीमसाठी.

न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलच्या दोन टीम्स आहेत. एक जिंकणारी आणि एक काकांची. "जिंकणाऱ्या टीमच्या मागे कोणीही जाईल," काका म्हणायचे, "त्याला अक्कल कशाला लागते?" आपल्या टीमसाठी मात्र प्रचंड अक्कल लागते आणि ती टीममध्ये सोडून सगळीकडे आहे, विशेषतः आपल्याकडे, असं त्यांचं ठाम मत होतं. मॅनेजरला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कधी बदलावा हे कळत नाही. पिचर बदलला तर का बदलला, न बदलला तर काय झोपलाय का. तरुण खेळाडू आला की हा अजून कच्चा आहे, आणि तोच तीन वर्षांनी दुसऱ्या टीममध्ये जाऊन होमरन, म्हणजे आपले छक्के, मारायला लागला की, "मी सांगत होतो, पोरगा सोन्यासारखा आहे, पण ऐकतो कोण." हे त्यांनी कोणाला सांगितलं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. काकू म्हणायच्या, "तीस वर्षं मीच ऐकतेय. पण मला कोणी मॅनेजर करत नाही."

मी दोन हजार एक साली पुण्याहून आलो तो क्रिकेटमधला सर्वज्ञ म्हणून. शाळेच्या टीममध्ये बारावा होतो. म्हणजे पाणी नेऊन द्यायचो, पण जवळून. त्या अधिकारात मी पहिल्याच रविवारी काकांच्या दिवाणखान्यात बसून बेसबॉल हा कसा आपल्या गल्लीतल्या क्रिकेटचा प्रकार आहे, बॅट सरळ ठेवली असती तर तो खेळाडू कसा वाचला असता आणि मारल्यावर बॅट टाकून पळणं कसं बेशिस्तीचं आहे, हे त्यांना सविस्तर समजावून सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग दोन दिवस ते माझ्याशी फक्त दुधाबद्दल बोलले. "तुझं दूध आमच्या फ्रीजमध्ये आहे," एवढंच.

त्यानंतर मी शिष्यत्व पत्करलं, आणि लवकरच माझी खात्री पटली की या माणसाला भविष्य दिसतं. टीव्हीचा आवाज बंद करून काका मॅच बघायचे, कारण निवेदकांना काही कळत नाही. पिचर चेंडू टाकायच्या तयारीत असतानाच काका कपाळावर हात मारून म्हणायचे, "गेला. होमरन." आणि खरोखर होमरन जायचा. मी ऑफिसात लोकांना सांगायचो की आमच्या घरमालकांना चेंडू सुटायच्या आधी कळतं. भांडी कोण घासणार यावर मी त्यांच्याशी पैजा लावल्या आणि जवळजवळ सगळा एक मोसम काकूंच्या स्वयंपाकघरात भांडी घासली. काका डाव्या कानात छोट्या रेडिओचं बटण खुपसून बसतात आणि रेडिओ टीव्हीच्या काही सेकंद पुढे असतो, हे मला पुढच्या वर्षी काकूंनी सांगितलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सिग्नल पोचायला किती वेळ लागतो हाच माझा रोजचा धंदा होता.

पायरीचं प्रकरणही असंच. एकदा काकांची टीम ओळीने आठवडाभर हरत होती आणि मी बाहेर जाता जाता जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होतो. तेवढ्यात टीमने मॅच फिरवली. "उठू नकोस," काका म्हणाले. मी उठलो नाही. पुढे सात वर्षं प्रत्येक महत्त्वाची मॅच मी चौथ्या पायरीवरून, कठड्याच्या दोन दांड्यांमधून पाहिली. भारतात मॅच चालू असताना आमच्या घरी माझ्या आत्याला असंच मोरीत उभं करून ठेवायचे, त्यामुळे यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट टीमच्या यशात आपला वाटा आहे असं वाटायचं. यश फारसं नव्हतं, त्यामुळे वाटाही बेताचाच.

दर सप्टेंबरात मोसम संपत आला की काका टीम सोडायचे. म्हणजे तसं जाहीर करायचे. "सोडली मी ही टीम. आता यांचं तोंड बघणार नाही." दोन हजार सहा साली तर अगदी अंतिम फेरीच्या दाराशी जाऊन, सगळे बेस भरलेले, एका फटक्यात मॅच जिंकता येईल अशी स्थिती असताना, आमचा शेवटचा फलंदाज शेवटच्या चेंडूला नुसता बघत उभा राहिला. काकांनी शांतपणे टीव्ही बंद केला आणि विचारलं, "बॅट काय फोटो काढायला दिली होती?" पुढच्या वर्षी हातातला मोसम शेवटच्या दोन आठवड्यांत घालवला, तेव्हा टोपी माळ्यावर गेली. फेब्रुवारीत सराव सुरू झाला तशी टोपी खाली आली आणि रेडिओत नव्या बॅटऱ्या पडल्या. त्यावर बोलायचं नाही, असा घरात नियम होता.

ही टीम त्यांना चिकटली कशी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका खोलीत एकटे राहत होते. ओळखीचं कोणी नाही. जवळच स्टेडियम होतं, म्हणून माणसांत बसायला मिळावं एवढ्यासाठी सगळ्यात वरच्या रांगेचं तिकीट काढून गेले. शेजारी एक म्हातारा बसला होता. त्याने शेंगदाण्यांची पिशवी पुढे केली. पोटात भूक होती, पण कराडच्या संस्काराप्रमाणे काका म्हणाले, "नको." म्हाताऱ्याने पिशवी मागे घेतली. "तो पुन्हा विचारेल म्हणून मी नऊच्या नऊ इनिंग्ज, मॅच संपेपर्यंत वाट पाहिली रे," काका म्हणाले. "त्याने सगळे एकट्याने संपवले. पण जाताना म्हणाला, पुन्हा ये. मी पुन्हा गेलो. तेव्हापासून जातोय." मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी तात्पर्य सांगितलं, "इथे पहिल्यांदाच हो म्हणायचं. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही."

हे मी इतकं मनावर घेतलं की सात वर्षांत पक्का अमेरिकन झालो. कोणी विचारलं की हो, कोणी नाही म्हणालं की नाही. विषय संपला. माझ्या या स्वच्छ कारभाराचा मला अभिमान होता.

दोन हजार आठच्या सप्टेंबरात ते जुनं स्टेडियम पाडायचं ठरलेलंच होतं. शेजारी नवीन उभं राहत होतं. जुन्यातल्या शेवटच्या मॅचची दोन तिकिटं माझ्या बॉसकडे होती आणि ऐनवेळी त्याला जमेना, म्हणून त्याने ती मला दिली. गुरुवारी संध्याकाळी मी काकांना विचारलं, "काका, रविवारी येता का? शेवटची मॅच आहे तिथली."

"नको," काका म्हणाले. "मी सोडली ती टीम. तू जा."

"बरं," मी म्हणालो आणि वर गेलो. जाताना काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दूध उतू घालवलं होतं. मी वरून ऑफिसातल्या एका नागपूरकर मित्राला फोन केला. त्याने बेसबॉल कधी पाहिलाच नव्हता. "किती ओव्हरची असते यार?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तू ये तर.

रविवारी सकाळी मी खाली उतरलो, तर काका दिवाणखान्यात सोफ्याच्या कडेवर बसले होते. डोक्यावर टोपी. विटून निळ्याची राखाडी झालेली. अंगात जाकीट, खिशात रेडिओ, आणि मांडीवर स्टीलचा डबा. घरभर कोथिंबिरीच्या वड्यांचा वास.

"निघालास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गर्दी असेल. लवकरची ट्रेन घे."

"हो. तुम्ही कुठे निघालात काका?"

"मी?" काकांनी डब्याचं झाकण दाबलं. "देवळात."

टोपी घालून, कानात रेडिओचं बटण घालून, काका देवळात चालले होते. स्वयंपाकघराच्या दारात काकू हात पुसत उभ्या होत्या आणि माझ्याकडेच बघत होत्या. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला तेवढा वेळ लागला. गुरुवारपासून हा माणूस मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होता. परक्यांच्या देशात पहिल्यांदाच हो म्हणायचं, हे त्यांनी मला शिकवलं होतं. पण मी त्यांना परका वाटत नव्हतो. आपल्या घरातल्या पोराला नको म्हणायचा हक्क त्यांनी बजावला होता, आणि घरातल्या पोराने तो शब्दशः घेऊन तिकीट वाटून टाकलं होतं. मला मनापासून लाज वाटली.

"काका, माझं पोट बिघडलंय," मी म्हणालो. "तुम्ही जा. मित्र स्टेशनवर भेटेल."

"नको रे. तुझं तिकीट आहे."

"जा ना काका. वाया जाईल."

"नको, तू जा. मला काय, मी सोडलीच आहे."

"काका, ट्रेन चुकेल."

हे वाक्य पुरं व्हायच्या आत काका दारात होते. या वयात त्यांना इतक्या वेगाने बूट घालताना मी पाहिलं नव्हतं.

मी चौथ्या पायरीवर बसून, दांड्यांमधून मान घालून टीव्हीवर मॅच पाहिली. काकूंनी आवाज मोठा ठेवला. टीम हरली. पायरीचा काही उपयोग झाला नाही.

मित्राने दुसऱ्या दिवशी ऑफिसात अहवाल दिला. "यार, काकांनी मला मॅच बघूच नाही दिली. पूर्ण वेळ समजावत होते, हा का चुकला, तो का चुकला. बाजूला एक गोरा पोरगा होता, एकटाच. त्याला काकांनी शेंगदाणे विचारले. तो नो थँक्स म्हणाला, तर पुन्हा विचारलं. पुन्हा नो. तिसऱ्यांदा त्याच्या हातावरच ठेवले. खाल्ले त्याने. मॅच संपल्यावर जुने प्लेअर्स मैदानात आले, सगळे उभे राहिले, तर काका बसलेलेच. मी म्हटलं चला काका, तर म्हणाले, थांब जरा. रडत होते यार ते."

मला मात्र काकांनी घरी आल्यावर एवढंच सांगितलं होतं की पिचर एक इनिंग आधी बदलायला हवा होता, आणि आता मात्र टीम कायमची सोडली. मग रिकामा डबा माझ्या हातात दिला. "तुझ्यासाठी वड्या ठेवणार होतो. पण पोट बिघडलंय म्हणालास."

दिवाळीनंतर काका-काकू कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलीकडे राहायला गेले. तिला बाळ झालं होतं. आता खालचा मजला रिकामा आहे आणि मी जिन्यावरून जाता-येता चौथी पायरी गाळतो. का ते मला सांगता येणार नाही. परवा काकांचा फोन आला. तिकडची कोथिंबीर कशी आहे विचारलं, तर इकडच्याहून वाईट. तिकडची टीम विचारली, तर म्हणाले, त्यांना तर पिचर म्हणजे काय तेच माहीत नाही. एकूण काका मजेत होते.

"उन्हाळ्यात आपली टीम इकडे खेळायला येणार आहे," ते म्हणाले. "ये तू पण. बरोबर बघू."

"नको काका," मी म्हणालो, "रजा नाही मिळणार."

"अरे ये रे. मुलीकडे खोली आहे."

"नको हो काका, कशाला त्यांना त्रास."

पलीकडे बाळ रडायला लागलं, कोणीतरी काकांना हाक मारली, आणि ते "एक मिनिट हं" म्हणून फोन तसाच चालू ठेवून गेले. मी रिकाम्या घरातल्या जिन्यावर बसलो आणि त्यांनी परत येऊन तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत राहिलो.