छत्री बसणार नाही

गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाचा जगावर विश्वास कमीच असतो, पण मास्तरांचा तो मुळीच नव्हता. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर चवडा टेकवून त्यांची हयात गेली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मास्तर न पोळताच फुंकून पीत.

नोकरीआधीच्या तपासणीत त्यांच्या लेकीच्या छातीतला आवाज खटकला. सोनोग्राफी झाली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासूनचं भोक निघालं.

"छाती उघडावी लागणार नाही बहुतेक," हृदयाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची. तिच्यातून मिटलेली छत्री सोडायची. ती भोकात उघडली की काम झालं."

मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांच्या धाकट्या बहिणीचं असंच भोक लहानपणी शिवलं होतं. तिच्या छातीवर उभा व्रण होता. आणि इथे म्हणे छत्री!

"इतकं सोपं असेल तर आत काहीतरी काळंबेरं आहे," ते घरी म्हणाले.

"बाबा, अवघड असतं तर म्हणाला असतात, मुद्दाम अवघड करतायत," लेक म्हणाली.

मास्तरांनी दुसरा डॉक्टर गाठला. त्यानंही छत्रीच सांगितली. झालं! दोघंही एकाच माळेचे मणी, असं मास्तरांचं मत पडलं. बायको आणि लेक स्वयंपाकघरात हळू बोलू लागल्या की त्यांना वाटे, आपल्यापासून काहीतरी लपवतायत. लपवत होत्याच: लेकीनं छत्रीला होकार कळवून टाकला होता.

कळल्यावर मास्तर दिवसभर अबोला धरून बसले. मग म्हणाले, "मी येणार. आणि मला विचारायचं ते मी विचारीन."

छत्री बसवण्याआधी घशातून नळी घालून भोक जवळून बघायचं होतं. ते बघून झाल्यावर डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि मास्तरांच्या शेजारीच बसल्या.

"छत्री बसणार नाही. भोकाची एक कड फार अपुरी आहे, पकड मिळायची नाही. सुटली तर जिवावर बेतेल. शस्त्रक्रियाच करावी लागेल."

"म्हणजे तुम्ही चुकलात?"

"पहिल्या तपासणीत कड नीट दिसली नव्हती. 'बहुतेक' म्हणाले होते, ते त्यासाठीच. शस्त्रक्रिया मी करत नाही. माझे सहकारी करतील. उजव्या काखेखालून चीर घेऊन, हृदयाच्याच आवरणाचा तुकडा लावून शिवतील."

स्वतःच्या हातचं काम ही बाई आपणहून सोडून देत होती. यातही डाव असेल का, असं मास्तरांनी मनात चाचपून पाहिलं. सापडेना.

"त्या वेळी तुम्ही आत असाल?" त्यांनी विचारलं.

"असेन."

"मग करा."

शस्त्रक्रियेनंतर त्यांना आत सोडलं, तेव्हा लेक नळ्यांच्या जंजाळात डोळे किलकिले करून पडली होती. आजूबाजूची यंत्रं काय दाखवतात ते मास्तरांनी पाहिलंच नाही. ते वाकून म्हणाले, "खरं सांग. दुखतंय?"

"खूप दुखतंय, बाबा."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. नाही म्हणाली असती, तर त्यांचा विश्वास बसला नसता.