दुसऱ्याच्या नावाची डबी

पटले बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात ऊन खात पेपर वाचत होतो. झोपेतच गेल्या, वय झालं होतं. मुलानं दोन वाक्यांत सांगितलं, मीही "येतो" एवढंच म्हणालो. महिना उलटून गेला त्याला. खरं सांगायचं तर मला रडू आलं नाही. पण बाईंच्या बाबतीतली एक गोष्ट मी कुणाजवळ धड बोललो नाही, ती आता लिहून टाकावी म्हणतो.

गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. सालेकशाकडच्या एका आरोग्य केंद्रात बाई नर्स होत्या आणि मी लॅब टेक्निशियन. बाईंच्या वाट्याची गावं धानाच्या बांध्यांपलीकडं, जंगलाच्या कडेला. पौषातली तिकडची सकाळ बोटं वाकू देत नाही. बाई लुनावर निघायच्या त्या स्वेटरच्या आत पेपरची घडी, कानाला मफलर आणि पायात नवऱ्याचे मोजे घालून. उपाशीपोटी निघायचं नाही, हा त्यांचा कायदा आम्हालाही लागू. "थंडीत रिकाम्या पोटानं फिरनारा मानूस पेशंट नाही पायत जी, चहा पायते," म्हणायच्या. हात धुवायला घरोघरी गरम पाणी मागायच्या, लाजायच्या नाहीत. एवढी जपणारी बाई, पण खांद्याला लशीचा डबा, आत बर्फ. गावात शेकोटी पेटलेली असायची. डबा तिच्याजवळ नेता येत नाही आणि कुणावर सोडताही येत नाही. मग बाई डबा धरून लांब गारठ्यात बसायच्या आणि तिथूनच सगळ्यांची विचारपूस करायच्या.

एका हिवाळ्यात बाईंना खोकला लागला. कुणी विचारलं की, "डब्याचा गारठा हाय, जाईन," एवढंच उत्तर. खोकला लांबला की बेडका तपासून घ्या, हे गावोगाव सांगणारी हीच बाई… मी ऐकत होतो आणि मलाही ते पटत होतं, हा माझा गाढवपणा. मग एक दिवस त्यांनी गावांतून तपासायला आणलेल्या बेडक्याच्या डब्यांमधली एक डबी पॉझिटिव्ह निघाली. नाव सुकलाल आजाचं. रिपोर्ट नेहमी बाईंच्याच हातून गावात जायचा. पण त्या दिवशी त्या रजेवर होत्या आणि सुकलालचं गाव माझ्या वाटेवर. म्हातारा खळ्यावर धान उफणत होता. मी टीबीचं सांगितलं तर माझ्याकडं बघतच राहिला. "मी तं कोनत्या डबीत थुकलोच नाही जी. खोकलून तं बाई राहिली, महिना झाला."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. त्यांनी नाकारलं नाही. "तुमाले कायले जा लागत होतं भाऊ तिकडं?" म्हणाल्या. म्हाताऱ्याच्या नावावर येणाऱ्या गोळ्या लपून स्वतः घेणार होत्या. मी म्हटलं, आजच रजा टाका, मी गप्प राहतो. तर म्हणे, एवढा महिना लसीकरण आटपू द्या. "एकडाव टीबीचं नाव झालं का कोन देईन माह्या हातात लेकरू?" लसीकरणाच्या दिवशी त्यांच्या मांडीवर एकामागून एक तान्ही बाळं असायची, ती माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. मी सरळ डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बाईंना बोलावून त्याच दिवशी रजेवर पाठवलं. निघताना बाई माझ्या टेबलासमोरून गेल्या, पण थांबल्या नाहीत.

औषधं पूर्ण झाली, बाई ठणठणीत बऱ्या झाल्या, तसा कागदही मिळाला. पण बातमी त्यांच्या आधी गावांत पोचली होती. पुढच्या हिवाळ्यात बाया बाळ स्वतःच्याच मांडीवर घट्ट धरायच्या, बाईंनी लांबून टोचायचं. श्वास बाळावर जाऊ नये म्हणून बाई टोचताना तोंड फिरवून घ्यायच्या. वर्षभरानं लोक विसरले, लेकरं पुन्हा मांडीवर आली, माझ्याशीही बोलणं सुरू झालं. पण लेकरांपुढं बोलता-हसताना तोंड फिरवायची ती सवय गेली नाही ती नाहीच. आज त्या जागी असतो तरी मी तेच केलं असतं. म्हणून टोचत नाही असं मात्र नाही.

तेरवीला गेलो. बाईंच्या खोलीत त्यांची तीन वर्षांची नात चटईवर खेळत होती, बाईंनीच सांभाळलेली. मी काहीतरी गंमत केली. पोरगी खुदकन हसली, पण हसण्याआधी चटकन भिंतीकडं तोंड वळवलं, हसून घेतलं आणि मगच माझ्याकडं पाहिलं. सून म्हणाली, "अशीच करते जी ते. काऊन करते, काही समजतच नाही."

मी चहा तसाच ठेवून उठलो.